गोवा मुक्तिलढ्याचा प्रारंभ आणि एक मैत्री : लोहिया-मिनेझिस संबंधांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राजकीय चळवळींचा इतिहास प्रामुख्याने संघटना, ठराव आणि नेतृत्व यांच्या आधारे लिहिला जातो. व्यक्तिगत स्नेहसंबंधांची नोंद त्यात गौण ठरते. १९४६ च्या गोव्यातील सविनय कायदेभंगाचा विचार करता ही उणीव प्रकर्षाने जाणवते. डॉ. राममनोहर लोहिया यांना गोव्याच्या प्रश्नाकडे वळविण्यात त्यांचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांचा वाटा किती होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी :
लोहिया १९२९ ते १९३३ या काळात बर्लिन येथे शिकत होते. मूळचे गोव्यातील असोळणा गावचे मिनेझिस यांच्याशी त्यांची मैत्री जर्मनीतीलच. दोघांचीही वृत्ती परकीय सत्तेच्या विरोधात होती. मात्र लोहियांचे कार्यक्षेत्र ब्रिटिश हिंदुस्थान होते. गोव्यात १९३० च्या वसाहत कायद्यानंतर सालाझार राजवटीची पकड घट्ट झाली होती. सभा आणि मुद्रण या दोहोंवर निर्बंध होते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. तथापि जाहीर जनआंदोलन उभे राहिले नव्हते.

असोळणा ते मडगाव :
एप्रिल १९४६ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातून सुटलेल्या लोहियांची प्रकृती ढासळली होती. मिनेझिस यांनी त्यांना विश्रांतीसाठी असोळण्यास नेले. १० जूनला ते तेथे पोहोचले. हा प्रवास कोणत्याही पक्षाच्या आदेशाने झालेला नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. मित्राच्या घरी भेटीस येणाऱ्या गोमंतकीयांकडून लोहियांना नागरी हक्कांच्या गळचेपीची माहिती मिळाली आणि विश्रांतीचा बेत मागे पडला. १८ जून रोजी भर पावसात मडगाव येथे बंदीहुकूम मोडून सभा घेण्याचा प्रयत्न झाला. प्रशासक कॅप्टन मिरांडा यांनी पिस्तूल काढले. लोहियांनी त्यांना बाजूला सारले. लोहिया आणि मिनेझिस या दोघांनाही अटक झाली. पुढे लोहियांना गोव्याबाहेर घालविण्यात आले. २९ सप्टेंबरला ते पुन्हा आले असता कुळे स्थानकावर पकडले जाऊन आग्वाद किल्ल्यात बंदिस्त झाले. दरम्यान कुन्हा यांना अटक होऊन आठ वर्षांची शिक्षा झाली व त्यांना पोर्तुगालला पाठविण्यात आले.

निष्कर्ष :
असंतोषाची भूमी पूर्वीच तयार होती; त्यामुळे एका मैत्रीस चळवळीचे एकमेव कारण मानणे इतिहासाशी विसंगत ठरेल. तथापि लोहियांना गोव्यापर्यंत आणणारा दुवा मिनेझिस हेच होते. मडगावच्या मैदानास लोहियांचे नाव लाभले आणि १८ जून हा क्रांतिदिन ठरला. मिनेझिस मात्र बहुधा 'यजमान' एवढ्याच उल्लेखात उरले. निमंत्रण देणारा आणि सोबत अटक पत्करणारा हा मित्र त्या घटनेचा सहकर्ता होता. १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मुक्तिलढ्याच्या इतिहासलेखनात त्यास हे स्थान मिळणे न्याय्य ठरेल.