हिंगोली : कयाधूच्या काठावरचे शहर डोंगरापलीकडचे पाणी का पिते?

हिंगोली हे मराठवाड्यातील जिल्ह्याचे ठिकाण कयाधू नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. शहरापाशी नदी आहे, तरी नळाला येणारे पाणी मात्र डोंगरापलीकडच्या पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणातून आणले जाते. असे का, हे कळण्यासाठी आधी इथली जमीन समजून घ्यावी लागते.

शहर नेमके कुठे आहे?

समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर हिंगोली आहे. उत्तरेला वाशीम आणि यवतमाळ, पश्चिम आणि नैर्ऋत्येला परभणी, तर आग्नेयेला नांदेड जिल्हा लागतो. म्हणजे मराठवाडा जिथे संपतो आणि विदर्भ सुरू होतो, त्या सीमेवरचे हे शहर. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा तयार झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती.

एक डोंगररांग, दोन वाटा

अजिंठ्याच्या रांगेचे फाटे या भागात उतरतात. त्यांनाच हिंगोलीचे डोंगर म्हणतात. फार उंच नसले तरी पावसाचे पाणी तेच वाटून देतात. उत्तरेकडच्या उतारावरचे पाणी कयाधूला मिळते. कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. दक्षिणेकडचे पाणी पूर्णा आणि आसना नद्यांकडे, तिथून गोदावरीत जाते.

पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांमधून फिरून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. डोंगराच्या दोन अंगांना पडलेले थेंब अशा रीतीने शेकडो किलोमीटर प्रवास करून पुन्हा एकत्र येतात.

नदी आहे, मग पाणी का नाही?

या भागात वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. काळी माती ओल धरते, म्हणून कापूस, सोयाबीन आणि तूर चांगली येते. पण खडकात पाणी फारसे मुरत नाही, साठते ते भेगांपुरतेच. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे कयाधू पावसाळ्यात पुराने काठची शेते खरडून नेते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते.

पूर्णेवर मात्र परभणी जिल्ह्यात येलदरी आणि त्याच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर अशी दोन धरणे आहेत. त्यांच्या कालव्यांमुळे वसमतच्या भागात बागायत वाढली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कयाधूच्या खोऱ्यात असे मोठे धरण नाही. म्हणूनच कयाधूचे पाणी खरबी येथून इसापूर धरणाकडे वळवण्याच्या योजनेला जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला. आधी आमच्या शेताला पाणी द्या, असे त्यांचे म्हणणे.

खोऱ्यातील ओळखीची ठिकाणे

कयाधूच्याच काठी नर्सी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. डोंगरातल्या औंढा नागनाथला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. औंढ्याजवळच गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार असून तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्राने २०२३ मध्ये या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली.

हा भाग अगदीच निश्चल नाही. औंढा, वसमत आणि कळमनुरी तालुक्यांत अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा भूकंपही झाला होता.