आल्टर–नेव्हेले पवनचक्की खटला

नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांनाही पर्यावरणीय मूल्यमापन लागते, असे ठरवणारा युरोपीय संघाच्या न्यायालयाचा निवाडा (२५ जून २०२०). बेल्जियमच्या फ्लॅंडर्स प्रदेशात आल्टर व नेव्हेले येथील ई-४० महामार्गालगतच्या पाच पवनचक्क्यांच्या परवान्याला रहिवाशांनी आव्हान दिले. त्यांचा रोख परवान्यामागच्या शासकीय आदेश व २००६ च्या परिपत्रकावर होता: पात्यांची घरांवर लपलपणारी सावली, आवाज व सुरक्षितता यांच्या मर्यादा त्यांत होत्या. युरोपीय संघाच्या निर्देश २००१/४२ नुसार आदेश व परिपत्रक हे दोन्ही ‘आराखडे व कार्यक्रम’ ठरले, म्हणून त्यांना पर्यावरणीय मूल्यमापन लागत होते. परिपत्रक बंधनकारक आहे का, हे मात्र राष्ट्रीय न्यायालयाने तपासायचे होते. मूल्यमापनाविना दिलेला परवाना तात्पुरता टिकवण्याची वाट युरोपीय संघाच्या न्यायालयाने अरुंदच ठेवली: देशाचा कायदा मुभा देत असेल आणि परवाना रद्द केल्याने वीजपुरवठ्यावर मोठा परिणाम होणार असेल, तरच.