होडीतला चौथा माणूस

1884 च्या जुलैमध्ये दक्षिण अटलांटिक महासागरात तेरा फुटांच्या एका उघड्या होडीत चार माणसे होती. 'मिन्योनेट' ही त्यांची छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. 5 जुलैला वादळात ती बुडाली. होडीत हाती लागले ते सलगमाचे दोन डबे, पाण्याचा थेंब नाही. मधे एक कासव सापडले, तेही संपले. कप्तान टॉम डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रुक्स हे तिघे मोठे. चौथा रिचर्ड पार्कर, सतरा वर्षांचा, अनाथ, जहाजावर पडेल ते काम करणारा पोरगा. तहान असह्य होऊन तो समुद्राचे खारे पाणी प्याला आणि आजारी पडला. जहाज बुडाल्याला सुमारे वीस दिवस झाले तेव्हा डडलीने, स्टीफन्सच्या संमतीने, त्या पोराला मारले. ब्रुक्सने होकार दिला नव्हता, पण नंतर खाल्ले तिघांनीही. चार-पाच दिवसांनी एका जर्मन जहाजाने त्यांना उचलले.

नववीच्या वर्गात नीतिमूल्यांच्या तासाला मी हा किस्सा सांगितला. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, पण तो तर मरणारच होता. एक गेला, तीन वाचले." हिशोब अगदी बरोबर होता. त्याला चूक म्हणायला मला काही क्षण तोंड उघडता आले नाही. हा लेख त्या काही क्षणांपायी लिहितो आहे.

त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण तो जे बोलला त्याचे नाव उपयुक्ततावाद. उर्दूत इफादियत-पसंदी. जेरेमी बेंथम (1748–1832) या इंग्रज कायदेपंडिताने तो पद्धतशीर मांडला. त्याचा मुख्य ग्रंथ 1789 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणणे साधे आहे. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामावर ठरते. परिणाम म्हणजे सुख आणि दुःख. आणि ज्या कृतीने सर्वांचे मिळून सुख जास्तीत जास्त वाढते ती योग्य. सुख मोजायला बेंथमने सात कसोट्या सांगितल्या: ते किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती खात्रीचे, किती जवळचे, त्यातून आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि किती लोकांपर्यंत पोचेल. नैसर्गिक हक्क ही कल्पना त्याला पोकळ वाटे. कायद्याने दिला तो हक्क, बाकी शब्दांचे बुडबुडे.

आपल्याकडे 'उपयुक्ततावाद' म्हटले की अनेकांना तो स्वार्थाचा मतलबी धर्म वाटतो. हा अन्याय आहे. बेंथमच्या गणितात राजाचे सुख आणि भंगाऱ्याचे सुख एकाच मापाने मोजले जाते. मुक्या प्राण्याला वेदना होते म्हणून तोही हिशोबात येतो. ज्या काळात इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीलाही फाशी होती, त्या काळात 'या शिक्षेने कुणाचे भले होते?' एवढे विचारणे हीच बंडखोरी होती. तुरुंग, कायदे, मतदान यांत झालेल्या कितीतरी सुधारणा याच प्रश्नातून आल्या.

बेंथमचा शिष्य जेम्स मिल. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल याला लहानपणापासून याच विचाराच्या साच्यात घडवले गेले. विसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच विचारले, ज्या सुधारणांसाठी मी झटतो त्या सगळ्या आज या क्षणी झाल्या तर मी सुखी होईन का? आतून उत्तर आले, नाही. त्या निराशेतून त्याला कवितेने बाहेर काढले, असे तो आत्मचरित्रात सांगतो. पुढे त्याने बेंथमच्या मापात दुरुस्ती केली: सगळी सुखे एका जातीची नसतात, काही वरच्या दर्जाची असतात. टीकाकारांनी लगेच पकडले. दर्जा सुखावर ठरत नसेल तर दुसऱ्या कशावर तरी ठरतो, मग सुख हे एकमेव माप कुठे राहिले? मला हा आक्षेप पटतो. पण ज्या माणसाला स्वतःच्या तत्त्वज्ञानाने आजारी पाडले आणि तरी ज्याने ते टाकले नाही, दुरुस्त केले, त्याच्याबद्दल आदर वाटतो.

या बापलेकांचा आपल्याशी थेट संबंध आहे. जेम्स मिलने हिंदुस्थानच्या इतिहासाचे जाड खंड लिहिले, इथली एकही भाषा न शिकता आणि इथे एकदाही पाऊल न ठेवता. 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत त्याला नोकरी मिळाली. मुलगाही 1823 पासून 1858 पर्यंत त्याच कचेरीत होता. जमिनीचा खंड ही कुणाच्या कष्टाची कमाई नाही, सरकारने तो सारा म्हणून घेतला तर ना मजुरी घटते ना नफा, कुणाचेच नुकसान होत नाही, हा जेम्स मिलचा आग्रह होता. कागदावर यात खोट सापडत नाही.

या कागदाची परीक्षा पुणे जिल्ह्यात झाली. 1820 च्या दशकाच्या अखेरीस पेशवाईतून नुकत्याच घेतलेल्या मुलखात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने मोजणी सुरू केली. शेत किती, माती कोणत्या प्रतीची, पीक किती, बैल-बियाणे-मजुरीचा खर्च किती. खर्च वजा जाता उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. दर्जा ठरवणारे, पीक लिहिणारे हाताखालचे कारकून. कुठे अंदाज चुकले, कुठे पैसे खाल्ले गेले. त्यात पडते भाव आणि कोरडे हंगाम. इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी शेते टाकली, रान पडीक राहिले. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नवी आकारणी केली. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवला, पूर्वी प्रत्यक्ष किती वसूल होत होते ते पाहिले, दर खाली आणले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले.

प्रिंगल दुष्ट नव्हता. त्याला न्याय्य आकडाच काढायचा होता. उपयुक्ततावादावरचा एक जुना आक्षेप असा की परिणाम आधी कळतच नाहीत. इंदापुरात त्याच्या पोटातला आणखी एक दिसतो: चुकीची किंमत हिशोब करणारा भरत नाही, ज्याचा हिशोब होतो तो भरतो.

आता परत होडीकडे. डडलीने इंग्लंडला पोचल्यावर काहीच लपवले नाही. दर्यावर्दी लोकांत अशा गोष्टी पूर्वीही घडल्या होत्या, आपण गुन्हा केला असे त्याला वाटलेच नव्हते. लोकांची सहानुभूती त्याच्या बाजूने होती. पार्करचा सख्खा भाऊ, तोही खलाशी, त्याने डडलीशी हात मिळवला. तरीही खटला उभा राहिला आणि डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायपीठाने दोघांना खुनासाठी दोषी ठरवले. फाशीची शिक्षा सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. निकालाचा गाभा मला असा वाटतो: कुणाचा जीव कमी मोलाचा हे कोण ठरवणार, आणि कशावरून? ताकदीवरून, बुद्धीवरून? ज्याला जगायचे आहे त्यालाच निवडीचा अधिकार दिला तर तो नेहमी सर्वात दुबळ्यालाच निवडील. डडली-स्टीफन्सना बायकामुले होती, पार्करला ना बायको ना मुले. हिशोबात हीच गोष्ट त्याच्या विरुद्ध गेली.

आजचे उपयुक्ततावादी म्हणतील, एकेक कृती नव्हे, नियम तपासा. कप्तानांना अशी मुभा दिली तर कोणता पोरगा जहाजावर चढेल? म्हणून 'मारू नका' हा नियमच जास्त उपयुक्त. उत्तर हुशार आहे. पण त्यात पार्करला मारणे चूक ठरते ते इतर पोरांना भीती वाटेल म्हणून. पार्कर स्वतः त्या उत्तरात कुठे आहे? 1971 मध्ये जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने हाच दोष नेमका दाखवला: माणसे वेगवेगळी असतात हे हा विचार गंभीरपणे घेत नाही. मी आज उपाशी राहून उद्या खाईन, ते माझेच पोट आहे. पण तुमची भूक माझ्या पोटात जमा धरता येत नाही.

हे वाचताना मला इमाम गझाली (रह.) आठवले. त्यांचा 'अल-मुस्तस्फा' हा उसूल-ए-फिक्हवरचा ग्रंथ 1109 च्या सुमाराचा, म्हणजे त्या होडीच्या पावणेआठशे वर्षे आधीचा. त्यात मसलहत, म्हणजे लोकहित, या विषयात ते जवळजवळ हाच प्रसंग घेतात. गलबतात माणसे आहेत, एकाला पाण्यात टाकले तर बाकीचे वाचतात, नाहीतर सगळे बुडतात. टाकावे का? नाही. भुकेने मरणाऱ्या टोळीने चिठ्ठी टाकून एकाला खाल्ले तर? त्यालाही रुख्सत नाही. डडलीच्या दोन्ही बाजू, समुद्र आणि भूक, दोन्हींचे उत्तर तिथे आहे.

पण गझालींनी हिशोबाला दार पूर्ण बंद केले असे म्हणणे खोटे होईल. त्याच ठिकाणी ते दुसरा प्रसंग देतात. शत्रू कैद्यांना ढाल म्हणून पुढे करून चालून येतो आहे. बाण सोडला तर निरपराध कैदी मरतो, न सोडला तर सगळी मुस्लिम वस्ती संपते. इथे ते परवानगी देतात, तीन अटींवर: संकट जीवनमरणाचे हवे, परिणाम खात्रीचा हवा, आणि नुकसान मूठभरांचे नव्हे, सर्वांचे हवे. अशी ढाल किल्ल्यातल्या शत्रूने केली तर मात्र नाही, कारण तो किल्ला घेतलाच पाहिजे अशी निकड नसते. गलबत तिसऱ्या अटीवर अडते: बुडणारे मोजके आहेत. मग वाचक विचारील, 'सर्व' आणि 'मोजके' यांत फरक करणे हेही गणितच नाही का? आहे. आणि त्या 'सर्वां'त ते मुसलमानच धरतात, हेही मी झाकून ठेवणार नाही. हनबली आलिम नजमुद्दीन तूफी (मृत्यू 1316) तर व्यवहाराच्या बाबतीत मसलहतीला याहून फार मोठी जागा देतात. आपल्या परंपरेत एकच आवाज नाही. तरी खात्रीची अट मला महत्त्वाची वाटते. डडलीला चार दिवसांनी जहाज येणार हे ठाऊक नव्हते; प्रिंगलला पुढचा पाऊस ठाऊक नव्हता.

इथे एक प्रश्न हमखास येतो, वर्गातही आला: हजरत यूनुस (अलै.) यांच्या गलबतावर तर चिठ्ठी पडली होती ना? कुरआनात सूरह साफ्फातमध्ये तो उल्लेख आहेच. पण एका नबीवर गुदरलेला तो प्रसंग माणसाला पाण्यात टाकण्याची सनद म्हणून वापरता येत नाही, असेच बहुतेक फुकहा मानतात. गझालीही म्हणतात की अशा चिठ्ठीला आधार नाही. होडीत तर चिठ्ठीही टाकली गेली नव्हती. पार्करला कुणी विचारलेही नव्हते.

हे सगळे मी पुढच्या तासाला सांगितले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, इमाम साहेबांचे ऐकले असते तर चौघेही मेले असते, तरी चालले असते?"

मी म्हणालो, हो, तसे होऊ शकले असते. घंटा झाली तरी तो उठला नाही.