आलीचा लाल

नागपूर-वऱ्हाडच्या लुगड्यांचा जुना लाल रंग काळ्या मातीत मुरायचा. आल नावाच्या झुडपाच्या मुळांची साल हा त्याचा उगम. आज आपल्या बांधावर दिसणारी बारतोंडी त्याच कुळातली.

आल पेरली की तीन-चार वर्षं वाट पाहायची. मग जमीन खोल खणून मुळं अलगद काढायची. रंग भरतो तो बारीक मुळांत. जाडजूड मुळं जवळजवळ टाकाऊ. पुढचं काम रंगाऱ्यांचं, भावसारांचं. कापड तेलात आणि लेंड्यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवायचं, वाळवायचं, धुवायचं, तुरटीच्या पाण्यातून काढायचं आणि शेवटी आलीच्या भुकटीबरोबर मंद आचेवर शिजवायचं. तुरटीवाचून हा लाल धरत नाही. शेतकरी, तेली, मेंढपाळ, रंगारी, कोष्टी: एका लुगड्यावर इतक्या घरांची चूल पेटायची. ‘स्लो फॅशन’ हे नाव आज नवं वाटतं, पण इथला सावकाशपणा शेतातच सुरू व्हायचा आणि माणसं एकमेकांच्या भरवशावर तीन वर्षं थांबायची. मला या रंगाची खरी श्रीमंती तिथं दिसते.

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लिबरमान यांनी डांबरातून अलिझारिन हा लाल रंग घडवला. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापडाची सगळी वाटच बदलत होती. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, तोवर जर्मन रंगानं आलीला बाजारातून हुसकावलं होतं. तो स्वस्त होता, झटपट होता. रंगाऱ्याला दोष कसा द्यावा? पण रंगाची पुडी दुकानातून येऊ लागली आणि त्याचा शेताशी असलेला संबंध तुटला.

हा तुटलेला संबंध सांधण्याचं काम नागपूरच्या शेजारी, वर्ध्यात चालू आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेल्या मगन संग्रहालयात आज सेंद्रिय कापसाच्या खादीला वनस्पतींचे रंग चढतात. फाल्गुनात पळसाची फुलं वेचून कुणीही घरी पिवळा-केशरी रंग काढू शकतं. पोरं रंगपंचमीला तो खेळतातही. मात्र तो उन्हात लवकर फिकटतो. टिकाऊ लाल हवा असेल तर आल पुन्हा लावावी लागेल, आणि ती लावणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी खरेदीचा शब्द द्यावा लागेल.