विंचवाची गोळी

मुंबईजवळच्या कोपरीत महाड-पोलादपूरकडच्या माणसांची घरं पुष्कळ. मे महिना लागला की पोरं गावी निघतात आणि आजी हमखास बजावते, सरपणात हात घालू नकोस, चप्पल झटकून घाल. रायगडच्या गडग्यांत, लाकडांच्या ढिगात, कौलांखाली लाल विंचू असतो. त्याच्या दंशाने वेळेवर उपचार मिळालेलं माणूस आता क्वचितच दगावतं, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी असं नव्हतं. हा फरक ज्या गोळीने पडला ती मुळात रक्तदाबाची. ती विंचवाकडे कशी वळली, ते सांगायला हवं.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, डॉक्टरकी शिकले नागपूरला. केंद्रात धड यंत्रं नव्हती. विंचू चावलेली माणसं मात्र येत होती, त्यांत लहान मुलं फार, आणि रात्रीत डोळ्यांदेखत जात होती. त्या काळी गंभीर रुग्णांपैकी तिसाएक टक्के दगावत. बावस्करांनी केलं ते एवढंच, की ते रुग्णापाशी बसून राहिले आणि तासातासाला काय होतं ते टिपत गेले.

त्या टिपणांतून एक क्रम दिसला. आधी उलटी. मग घाम, अंथरूण भिजवणारा. मुलग्यांच्या लिंगाला ताठरता. हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. काही तासांनी तोच दाब घसरतो, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो आणि मूल हाताबाहेर जातं. दंशाच्या जागी वेदना किती, यावरून पुढचा धोका कळत नाही. ठणठणून रडणारा सकाळी हिंडूफिरू लागे, आणि फारसं न रडलेला, पण घामाने निथळणारा, शॉकमध्ये जाई. ‘विंचू उतरवणाऱ्या’ भगतांची ख्याती यातूनच टिकली असावी, असं मला वाटतं. नुसती वेदना असलेला रुग्ण मंत्राशिवायही बरा होणारच होता. उलटी, घाम आणि गार हातपाय या धोक्याच्या खुणांवरचं बावस्करांचं टिपण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या खुणा ओळखायला कुठलंच यंत्र लागत नाही, आईच्या हातालाही त्या कळतात. त्या टिपणाचं मोल मला यातच दिसतं.

घडतं ते असं. विषामुळे मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात आणि शरीर ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं बेसुमार सोडतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि पाणी मागे फुप्फुसात साठतं. अपघातात रक्त गेलेल्या माणसाचा शॉक आणि हा शॉक वेगळे. गार हात दोन्हीकडे सारखेच, पण इथे भराभर सलाईन चढवलं तर फुप्फुसातलं पाणी वाढू शकतं. तेव्हा वापरात असलेली ॲट्रोपिन, स्टेरॉइडसारखी औषधं या मुळापर्यंत पोचतच नव्हती.

बावस्कर एम.डी.साठी पुण्याला गेले आणि शिकून पुन्हा याच भागात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी आधी वापरलं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि रक्तदाबावरून क्षणभर नजर हटवता येत नाही. खेड्यात हे कुठून जमायचं? तेव्हा त्यांनी प्राझोसिन वापरायला घेतलं. रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. रक्तवाहिन्यांवर ती रसायनं जिथे काम करतात तीच जागा ही गोळी अडवते. १९८६ साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबरीच्या होत्या. पुढे मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गोळी द्यायची रीतही खाटेपाशीच घडली. मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं. आई कळवळून त्याला उचलून खांद्यावर घेते, आणि उभं झाल्याबरोबर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून आईला हे आधीच समजावून ठेवावं लागतं. गोळी लागू पडली की नाही ते पायाच्या बोटांवर हात ठेवून कळतं. आधी घाम थांबतो, मग बोटं कोमट होतात.

पुढे विंचवाच्या विषावर उतारा असलेली लसही आली. २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या महाडच्या अभ्यासात ७० रुग्ण होते. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. लस मिळत असेल तर ती द्यायलाच हवी. पण ती दर आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, आणि गोळी कुठेही ठेवता येते. २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी डॉक्टरसह येते, तरी घाटातून महाड गाठेपर्यंतचा वेळ तोच विषाच्या कामाचा असतो. म्हणून घाम आणि गार हातपाय दिसले की पहिली गोळी जवळच्या केंद्रात डॉक्टरांकडून मिळावी, आणि मगच गाडी हलावी. कोपरीतून पोरांना गावी धाडताना तिथल्या केंद्रात प्राझोसिन आहे का, एवढं फोन करून विचारून घ्यावं.