पुरुषांचें एक मुकें दुखणें

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले कीं कर्जत-नेरळकडील बाजारांत ठाकूर आणि कातकरी बायका पाटींत गवतासारख्या लांब पात्यांच्या जुड्या घेऊन बसतात. या भाजीला कोणी फोडशी म्हणतें, कोणी कुलू. बारीक चिरून, चण्याची डाळ घालून ती परततात. घरांतलें धान्य सरत आलेलें असतां रानानें दिलेलें हें पहिलें अन्न होय. हीं पातीं ज्या कंदांतून फुटतात ते मुसळीच्या कुळांतले. त्या कुळांतील सफेद मुसळीला वनस्पतिशास्त्रांत बोरिवलीवरून नांव मिळालें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर फादर सांतापाव व फर्नांडिस यांनीं तें दिलें. भाजीची जुडी थोडक्या पैशांत मिळते. पण कंद सोलून, वाळवून, पूड करून डबींत भरला म्हणजे तोच पुरुषाच्या ‘शक्तीचें’ औषध होतो आणि मग त्याची किंमत ऐकून खणणारीला हंसूं यावें! या हव्यासापायीं रानांतले कंद इतके उपटले गेले कीं, जेथें ते मुबलक होते तेथें आतां शोधावे लागतात.

ज्या दुखण्यासाठीं हा खटाटोप चालतो तें सांगावयाचें तर समागमाच्या वेळीं इंद्रियास ताठरपणा न येणें, किंवा आलेला न टिकणें. वैद्य त्यास ध्वजभंग म्हणतात. लोक नपुंसकत्व म्हणतात, आणि हा शब्द रोगाच्या नांवापेक्षां शिवी म्हणूनच अधिक वापरला जातो. ज्याच्या दुखण्याचें नांवच शिवी, त्यानें तें कोणापाशीं बोलावें?

आपल्या जुन्या ग्रंथकारांस मात्र हा संकोच नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हें एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत रसायनानंतरचा दुसराच अध्याय त्याचा, आणि पुढें तिसाव्या अध्यायांत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीजाच्या दोषानें होणारें, इंद्रियाच्या दोषानें होणारें, वार्धक्यानें येणारें आणि शुक्रक्षयानें येणारें. सुश्रुतानें सहा प्रकार मानले, व त्यांत पहिला मान मनाला दिला. मन खिन्न झालें, अथवा नावडत्या व्यक्तीशीं संबंध आला, तर शरीर साथ देत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. इतकेंच नव्हे, तर जन्मजात क्लैब्य आणि मर्मावर घाव बसून आलेलें क्लैब्य हीं असाध्य होत, असेंही त्यानें स्पष्ट लिहून ठेवलें. संहितेंतला वैद्य कांहीं रोग्यांपुढें हात टेकतो. भिंतीवरच्या जाहिरातींतला वैद्य कधींच टेकत नाहीं.

ही जाहिरात या मुलुखांत आगगाडीबरोबर आली म्हटलें तरी चालेल. लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत पोंचला आणि १८६३ सालीं बोरघाट चढून पुण्याच्या वाटेला लागला. कर्जत तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता, १८९१ सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. खालापूर हा त्याचा पेटा. (कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ सालीं.) गाडीमागून मुंबईचीं वर्तमानपत्रें आलीं, आणि त्यांच्या पानांवर धातुपौष्टिक गोळ्या, पाक व तेलें आलीं. टपालानें माल घरपोंच मिळूं लागल्यावर तर गांवच्या वैद्यालाही तोंड दाखविण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ हीं अक्षरें रंगलीं, तीं लोकलनें येणारा-जाणारा रोज वाचीत असे.

या व्यापाराचें भांडवल म्हणजे एक जुनी समजूत. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, म्हणून तो गेला कीं आयुष्य गेलें, असें पिढ्यान्पिढ्या मुलांच्या मनावर ठसविलें गेलें. शरीरशास्त्रांत याला कांहींही आधार नाहीं. परंतु स्वप्नांत वीर्य गेलें म्हणून रात्रभर जागणारा, लग्नाच्या पहिल्या रात्रीं आपण ‘रिकामे’ झालों आहोंत या भीतीनेंच खचणारा तरुण खरा असतो, त्याची भीतीही खरी असते. आणि भीति हेंच या दुखण्याचें एक कारण असल्यामुळें समजूत स्वतःला सिद्ध करून दाखविते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनीं १९६० सालीं या अवस्थेला ‘धात’ या लोकांतल्याच शब्दावरून नांव दिलें.

पुरुष गप्प राहिला तरी त्याची किंमत घरांत कोणी तरी मोजीतच असे. मूल होत नाहीं म्हटलें कीं सुनेकडे बोट जाई. व्रतें, नवस, गंडेदोरे तिनें करावे, टोमणे तिनें ऐकावे, आणि तरीही पाळणा हलला नाहीं तर सवत आणली जाई. नवऱ्याची तपासणी करावी हें कोणाच्या मनांतही येत नसे. मुंबई प्रांतांत हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६ च्या कायद्यानें बंदी झाली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें, नवऱ्याच्या अशा असमर्थतेमुळें वैवाहिक संबंध घडलाच नसेल तर विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग स्त्रीस दिला. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. ताठरपणा न येणें आणि संतति न होणें हीं दोन वेगळीं दुखणीं. पहिलें नसून दुसरें असणारे पुरुष पुष्कळ असतात, आणि तेच सुनेला सर्वांत अधिक दोष देतात.

मराठींत या विषयाचें तोंड प्रथम उघडण्याचें काम करणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. महर्षि कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळें त्यांस विल्सन कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें तें १९५३ सालीं त्यांच्या निधनापर्यंत नेटानें चालविलें. त्यांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें देण्याचें सदर असे. जो प्रश्न बापाला, गुरुजींना, मित्रालाही विचारतां येत नाहीं तो माणूस कर्व्यांना लिही, आणि कर्वे त्यास गणितज्ञाच्या कोरड्या स्पष्टपणानें उत्तर देत. हस्तमैथुनानें नपुंसकत्व येत नाहीं, ही त्यांची भूमिका आज कोणताही डॉक्टर मान्य करील. सरकारला मात्र तीं उत्तरें अश्लील वाटलीं. १९३१ सालीं दुसऱ्या एका लेखावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला होताच. १९३४ सालीं प्रश्नोत्तरांवरून पुन्हां खटला झाला. या वेळीं त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं. लैंगिक विषयावर लिहिलेलें सगळेंच अश्लील मानूं नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मानला गेला नाहीं, आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खरें सांगणाऱ्याला दंड होत असतां शेजारच्या वर्तमानपत्रांत गोळ्यांच्या जाहिराती निर्वेधपणें छापल्या जात होत्या! त्यांवर बंदी घालणारा औषधें व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींचा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडावें लागलें, आणि त्याच्या परिशिष्टांत नपुंसकत्वाचा उल्लेख असूनही भिंती रंगवावयाच्या थांबल्या नाहींत.

दुखण्याचें खरें यंत्र उलगडलें तें विसाव्या शतकाच्या अखेरीस. मन उद्दीपित झालें म्हणजे मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सुटतो. त्यानें रोहिण्यांचे स्नायु सैल पडतात, इंद्रियांत रक्त भरतें आणि परत जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन तें तेथेंच कोंडलें जातें. म्हणजे ही सारी किमया रक्तप्रवाहाची. शरीरांतील या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत सिल्डेनाफिल या गोळीस परवानगी मिळाली. मूळ ती हृदयशूळावर करून पाहिली जात होती. हृदयाला फारशी उपयोगी पडली नाहीं, पण प्रयोगांतील पुरुषांनीं दुसराच गुण सांगितला.

रक्ताचा विषय आला कीं मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि दारू हीं ओघानेंच आलीं. इंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून पुष्कळ बारीक, म्हणून चरबीचा थर तेथें आधीं अडतो. छातींत कळ येण्यापूर्वीं कित्येकदां दोन-तीन वर्षें हें दुखणें दिसूं लागतें. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतला रात्रपाळीचा पन्नाशींतला कामगार जेव्हां चोरून चूर्णाची डबी घेतो, तेव्हां त्याच्या शरीरानें दिलेली सूचना तो त्या डबींत बंद करून टाकीत असतो. मुसळीचे उंदरांवर कांहीं प्रयोग झाले आहेत. माणसांतला पुरावा तोकडा आहे. भाजी म्हणून ती खुशाल खावी.

पहांटे ताठरपणा येत असेल आणि पत्नीजवळच तो नाहींसा होत असेल, तर दोष बहुधा मनाच्या धास्तीचा. तेथें दोघांशीं मिळून बोलणारा समंजस डॉक्टर पुष्कळ काम करतो. हळूहळू, सर्वच वेळीं कमी होत गेला असेल तर साखर, दाब आणि हृदय तपासावें. हें कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आरंभ करण्याजोगें काम आहे. त्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं. दाबाच्या आणि मनोविकारांच्या कांहीं औषधांनींही हा त्रास होतो, पण म्हणून तीं परस्पर बंद करणें घातक. डॉक्टरांस सांगितलें तर तीं बदलून मिळतात. गोळीनें गुण न आल्यास पंप, सुई व शस्त्रक्रियेनें बसवावयाचा आधार असे पुढचे उपायही आहेत. आणि छातींत कळ आल्यावर जिभेखालीं ठेवावयाची नायट्रेटची गोळी जो वापरतो, त्यानें सिल्डेनाफिल मुळींच घेऊं नये. दोहोंच्या योगानें रक्तदाब एकदम इतका खालीं जातो कीं प्राणावर बेततें. ‘केवळ वनस्पतींचें’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक शक्तिवर्धक चूर्णांत हीच गोळी कुटून मिसळलेली आढळली आहे, आणि डबीवर तिचें नांव लिहिलेलें नसतें.