पदवीचा जामीन

म्हैसूर शहराच्या पूर्वेस नजरबाद नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडविला आणि त्याचे दगड वाहून नेऊन येथे नवा किल्ला बांधावयास घेतला. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाला, आणि तेच दगड परत नेऊन जुना किल्ला पुन्हा उभारण्यात आला. दगड पक्का असला म्हणजे तो कोठेही उपयोगी पडतो. पदवीचेही तसेच आहे. मात्र तिचा पक्केपणा पारखावयाचा कोणी?

१९१६ पूर्वी म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची परीक्षा मद्रास विद्यापीठ घेत असे. शिकविणारा एक, पारखणारा दुसरा. २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. महाराज कृष्णराज वाडियार यांचा आश्रय व दिवाण विश्वेश्वरय्या यांचा ध्यास त्यामागे होता. संस्थानाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, आणि त्याचबरोबर स्वतःची पारख स्वतः करण्याची जोखीमही आली.

त्याच वर्षी पुण्यास महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले. त्याच्या पाठीशी ना सिंहासन होते, ना सरकारी सनद. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ साली. तोपर्यंतची पस्तीस वर्षे त्याच्या पदवीला जामीन होता तो केवळ समाजाचा विश्वास. आणि तो विश्वास कर्व्यांनी दारोदार हिंडून, पै-पैचा हिशेब देऊन मिळविला होता.

१९१८ ते १९२१ या काळात म्हैसूरच्या याच महाविद्यालयात डॉ. राधाकृष्णन् तत्त्वज्ञान शिकवीत होते. पुढे १९४८ साली विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या आयोगाच्या शिफारशीनंतर १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला, आणि १९५६ च्या कायद्याने शिक्षणाचा दर्जा राखण्याचे दायित्व त्याच्यावर सोपविले. आता साऱ्या देशासाठी एक पारखी नेमला गेला.

परंतु पारखी नेमला म्हणजे पारख वेळेवर होतेच असे नाही. १९९६ साली म्हैसूर येथे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राज्याबाहेरील खाजगी संस्थांमार्फत चालविलेल्या अभ्यासक्रमांवरून वाद उत्पन्न झाला, आणि २०१५ साली आयोगाने जाहीर केले की, या विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ च्या पुढे नाही. तोवर कित्येकांनी प्रवेश घेतला होता, शुल्क भरले होते, परीक्षाही दिल्या होत्या. २०१८ मध्ये मान्यता पुन्हा मिळाली. पण मधल्या काळात ज्यांच्या हाती पदवीचा कागद होता, त्यांना तो कोणापुढे ठेवावा हा प्रश्न पडला.

नियम मोडणाऱ्या संस्थेस आवरणे अवश्यच होते. परंतु देखरेखीचा निर्णय प्रवेशाच्या आधी, आणि सर्वांना वाचता येईल असा, दारावर लागावयास हवा. तो उशिरा लागला, की संस्थेच्या चुकीचा दंड विद्यार्थी भरतो. किल्ल्याचे दगड परत नेता आले. विद्यार्थ्याची वर्षे परत आणता येत नाहीत.